ज्याला स्टेज नाही त्याचं काय?

‘गाणं काय कुणाच्या बापाचं आहे?’ ठाण्यापासून कल्याणपर्यंत दर भाद्रपदात हे वाक्य कुठल्या ना कुठल्या मंडपात ऐकू येतं. वेळ बहुधा रात्रीची, जागा साउंडवाल्याच्या टेबलाजवळची. मंडळाचा एखादा कार्यकर्ता खिशातून पेनड्राइव्ह काढून देतो, कुणाला तरी परवान्याची, रॉयल्टीची गोष्ट आठवते आणि या एका वाक्याने त्याचं तोंड बंद होतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. देवासमोर गाणं लावायचं तर पैसे कुणाला आणि का द्यायचे, एवढाच त्याचा साधा प्रश्न. तो झटकून टाकता येत नाही, कारण त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कुठे चुकतं हे शोधायला मात्र बरंच लांब जावं लागतं.

आधी त्या पेनड्राइव्हमध्ये काय असतं ते पाहू. लॅपटॉपवर फोल्डर उघडला की फायलींची लांबलचक यादी येते. ‘ट्रॅक ०७’. ‘विठ्ठल नॉनस्टॉप न्यू’. ‘आगरी कोळी हळदी डीजे मिक्स’. काही नावांच्या शेपटीला, ज्या संकेतस्थळावरून ती उतरवली त्याचा पत्ता चिकटलेला असतो. फाइलच्या माहितीत गायक, संगीतकार, गीतकार असे रकाने असतात. गायकाचा कधीकधी भरलेला, बाकीचे बहुधा कोरे. हीच गाणी कॅसेटवर होती तेव्हा प्लास्टिकच्या डबीत घडी घातलेला एक कागद यायचा. अक्षरं इतकी बारीक की ती खिडकीशी नेऊन वाचावी लागत. पण गीत कुणाचं, संगीत कुणाचं, संयोजन कुणी केलं, कोरसला कोण होतं, हे त्यावर असायचं. आधी कागद गेला, मग डबीही गेली.

नकलेचा इतिहास वाचकाला ठाऊक आहे. डोंबिवली-कल्याणच्या स्टेशनाबाहेर गाण्यांची यादी लिहून दिली की कोऱ्या कॅसेटवर ती भरून देणारी दुकानं होती. मग एकाच तबकडीत शंभर-दीडशे गाणी कोंबलेल्या एमपीथ्री सीड्या आल्या. मग रिचार्जच्या टपरीवर दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. आता यूट्यूबवरून गाणं उतरवायला टपरीचीही गरज उरली नाही. या सगळ्या काळात कायद्याचा हात पोचला तो टपरीवाल्यापर्यंतच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. महाराष्ट्राने तर २००९ साली आणखी पुढची मजल मारली. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्यासाठी केलेल्या १९८१ च्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही बसवलं. चित्रपटाची किंवा त्याच्या ध्वनिपट्टीची चोरटी प्रत काढणाऱ्याला खटल्याविना वर्षभर आत ठेवता येईल, अशी ही तरतूद. पुलाच्या जिन्याखाली सीड्या मांडून बसणाऱ्या पोराला हातभट्टीवाल्याच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं होतं, आणि ते तसं स्पष्ट म्हटलं पाहिजे.

कंपन्यांचं गणितही कधी पटण्यासारखं नव्हतं. जितक्या चोरट्या प्रती तितकी बुडालेली विक्री, असं ते गणित. पण वीस रुपयांत कार्ड भरून घेणारा शहाडचा कामगार त्या दीडशे गाण्यांच्या सगळ्या मूळ सीड्या एरवी विकत घेणार होता, असं कोण म्हणेल? फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फुकट डाउनलोडचा विक्रीवरचा परिणाम जवळजवळ शून्य असल्याचं मांडलं. स्टॅन लीबोविट्झ यांनी ते कडाडून खोडून काढलं. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मिटला तरी इथलं कोडं सुटणार नाही. एकूण विक्री किती घटली एवढंच त्यात विचारलं जातं. घटलेला रुपया कुणाच्या वाटणीचा होता, हे कुणी विचारत नाही.

गाणं एकट्याचं नसतं. ते कुणी लिहितं, कुणी चाल लावतं, कुणी वाद्यमेळ बसवतं, कुणी गातं, मागे चौघं कोरस धरतात. या मंडळींचे सरळ दोन गट पडतात. एका गटाला स्टेज आहे, दुसऱ्याला नाही.

ठाणे, भिवंडी, कल्याण, पनवेल या पट्ट्यात आगरी-कोळी गाण्यांवर जगणारे कितीतरी कलाकार आहेत. हळदी, साखरपुडे, गावच्या जत्रा, नवरात्र, पालखी असं त्यांचं वर्ष जातं. इथल्या गायकाची खरी कमाई सुपारीची. गाणं जितकं फिरेल, रिक्षात वाजेल, लग्नाच्या रीलवर चढेल, तितक्या सुपाऱ्या वाढतात. त्याच्या दृष्टीने मेमरी कार्ड भरून देणारा टपरीवाला म्हणजे बिनपगारी प्रचारक. आपलं नवीन गाणं स्वतःच व्हॉट्सअॅपवर पाठवत सुटणारे गायक याच पट्ट्यात आहेत, आणि त्यांचा हिशोब चोख आहे. बेंजो पार्टीचंही तेच. लोकांच्या तोंडी असलेलं गाणं वाजवलं की वरातीत पाय थिरकतात आणि पुढची तारीख तिथेच ठरते. पण ते गाणं ज्याने लिहिलं, त्याला हळदीला कोण बोलावणार? त्याला सुपारी कशाची द्यायची? गाणं गावभर झालं तरी त्याच्या घरी कुणी फिरकत नाही. नकल फुकट झाली की गायकाचं नुकसान स्टेजवर भरून निघतं; गीतकाराचं भरून निघायला जागाच नाही. चोरी एकच, पण तिचा मार दोघांना सारखा बसत नाही. पायरसीवर बोलताना ‘कलाकारांचं नुकसान’ असा सरसकट शब्द वापरला की नेमका हाच फरक झाकला जातो.

प्रल्हाद शिंदे यांचं उदाहरण घ्या. मंगळवेढ्याचा, कव्वालीतून पुढे आलेला हा गायक. कल्याणकर त्यांना आपलं मानतात. २३ जून २००४ रोजी ते गेले. त्यांच्या आवाजावाचून आषाढी सुरू होत नाही आणि १४ एप्रिल पुरा होत नाही. आनंद आणि मिलिंद ही मुलं, आदर्श हा नातू, अशा पुढच्या दोन पिढ्यांनी तो वारसा स्टेजवरून पुढे नेला. पण ‘पाऊले चालती’ हे गाणं दत्ता पाटील यांनी लिहिलं आणि त्याला विठ्ठल शिंदे यांनी चाल दिली, हे ते गाणं डोळे मिटून म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल? तो एखाद्या संताचा अभंग आहे असं समजणारेही भेटतात. गीतकाराला याहून मोठी पावती नाही, हे खरं. पण त्या पावतीवर त्याचं नाव नाही, हेही तितकंच खरं.

आणि इथे मंडपातल्या त्या कार्यकर्त्याचं निम्मं म्हणणं खरं ठरतं. गीतकाराचं नाव आणि पैसा पहिल्यांदा हिरावला तो सीडीवाल्याने नाही. तो गेला करारावर सही करताना. एकरकमी मानधन घ्या आणि हक्क सोडा, हा गाण्यांच्या धंद्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गीतकार-संगीतकारांनी १९६९ साली आयपीआरएस ही आपली हक्कसंस्था काढली. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटनिर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं असेल तर, वेगळा करार नसल्यास, हक्क निर्मात्याचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला स्वतंत्र टिपण जोडून, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आपल्या कायद्यात जागाच नाही याची खंत व्यक्त केली होती. खंतीने कुणाचं पोट भरत नाही. पुढची पस्तीस वर्षं हा निकाल निर्मात्यांच्या आणि कंपन्यांच्या हाती ढालीसारखा राहिला.

ध्वनिमुद्रणाचं यंत्र येण्यापूर्वी गाण्याची नकल हा गुन्हा नव्हता, उलट गाणं जगायचं तेच नकलेवर. अशा काळात नाव कसं टिकत होतं? मराठी माणसाला याचं उत्तर रोज दिसतं. कर्जत किंवा कसाऱ्याहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळ टाळ धरतं. म्हणणाऱ्यांनी ते अभंग कुठल्या पुस्तकातून घेतले, कुणाकडून शिकले, याचा पत्ता नसतो. पण अभंग संपायला आला की ‘तुका म्हणे’ येतंच. नाव गाण्याच्या आत, वृत्तात बसवून, शेवटच्या चरणात ओवलेलं. ते काढायचं तर अभंगच मोडावा लागतो. हिंदुस्थानी बंदिशींतही तीच युक्ती. सदारंग, प्रेमपिया या मुद्रा बंदिशीबरोबर घराण्याघराण्यांतून फिरल्या. कल्याण गायन समाजाच्या मैफलीत आज कुणी सदारंगांची बंदिश मांडली, तर अठराव्या शतकातल्या नियामत खानांचं नाव तिथे आपोआप उच्चारलं जातं.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी जे केलं त्यालाही त्या काळी काही उस्तादांनी चोरीच म्हटलं असतं. देशभरच्या गवयांकडून बंदिशी गोळा करायच्या, स्वरलिपीत बांधायच्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेत छापून कुणालाही चार पैशांत द्यायच्या! जी चीज मिळवण्यासाठी शिष्य उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरत, ती बाजारात आली. उस्तादांच्या पोटावर त्याने पाय आला असेलही. पण बंदिशीतली मुद्रा तशीच राहिली, आणि भातखंड्यांनी स्वतः रचलेल्या चिजांमध्ये ‘चतुर’ हे टोपणनाव घातलं. प्रत मोकळी, नाव पक्कं, असा तो व्यवहार होता. आज त्या मालिकेवाचून संगीताचं शिक्षण कल्पनेतही येत नाही. या एका उदाहरणामुळे नकल म्हणजे चोरी असं सरसकट म्हणायला जीभ रेटत नाही.

वामनदादा कर्डक तर अगदी आपल्या काळातले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. प्रल्हाद शिंद्यांच्या महिनाभर आधी, १५ मे २००४ रोजी ते गेले. हजारो गाणी लिहिली. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरओळख करून घेतलेल्या या माणसाची गाणी वह्यांत उतरवून घेतली गेली, पुस्तिकांत छापली गेली, कॅसेटींवर भरली गेली, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर विकली गेली. परवानगी विचारायला फारसं कुणी आलं नसेल. ती गाणी पोचावीत म्हणूनच लिहिली होती, आणि ती अडवून ठेवली असती तर बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत गेला नसता. तरीही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि लिहिणारा ओळखू येतो. पैसा मिळाला नाही, नाव राहिलं. ते पुरेसं होतं का? चळवळीला पुरेसं होतं. वामनदादांच्या संसाराला होतं, असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

सिनेमाच्या आणि कॅसेटच्या गाण्यातून मुद्रा गेली, नावाची जबाबदारी कागदावर आली, आणि पेनड्राइव्हने कागदच टाकून दिला. परवानाधारक अॅपवाले याबाबत फार उजवे आहेत असंही नाही. २०२० साली हिंदीतल्या नामवंत गीतकारांना ‘क्रेडिट दे दो यार’ म्हणत एक गाणंच काढावं लागलं, ते पैसे भरून ऐकवणाऱ्या रीतसर व्यवस्थेसाठी.

आता त्या युक्तिवादाकडे वळू, जो सुशिक्षित माणूस सर्वांत जास्त वापरतो: कंपनी कलाकाराला लुटते, मग कंपनीला लुटलं तर बिघडलं कुठे? हे ऐकायला बंडखोरीचं वाटतं. प्रत्यक्षात लुटलेल्या माणसाच्या हाती त्यातलं काही लागत नाही. लुटीत आणखी एक वाटेकरी होतो, एवढंच. ठेकेदाराने मजुराची मजुरी बुडवली म्हणून त्या इमारतीत फुकट राहायला गेलेला माणूस मजुराचा कैवारी ठरत नाही. शिवाय दत्ता पाटलांचं नावही ठाऊक नसताना त्यांच्या वतीने कंपनीवर सूड उगवल्याचा दावा कसा करायचा?

याच बाजूचा जास्त भारदस्त वकील म्हणजे मोहम्मद रफी. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. रफींचं म्हणणं वेगळं होतं: गाणं गायलं, ठरलेले पैसे मिळाले, विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणीही गायली नाहीत. रफींच्या भूमिकेत निःस्पृहपणा होता, मोठ्या मनाच्या माणसाचं समाधान होतं. पण ती भूमिका परवडते कुणाला? ज्याला उद्या दुसरं गाणं आहे, परवा परदेशात कार्यक्रम आहे, त्याला. पन्नाशीनंतर काम आटलेल्या संगीत-संयोजकाला, कोरसमधल्या बाईला, एक गाणं गाजून पुढे विस्मरणात गेलेल्या गीतकाराला रॉयल्टी म्हणजे म्हातारपणची शिदोरी. लताबाई स्वतः त्या पैशावाचून अडल्या नसत्या. तरी त्या भांडल्या. या वादात त्यांचीच बाजू न्यायाची होती.

इथवर विचार केला तर निष्कर्ष सोपा वाटतो: दोष कराराचा, पेनड्राइव्ह बिचारा निमित्तमात्र. मंडळाने पैसे दिले काय, न दिले काय, गीतकाराला थोडेच मिळणार होते? २०१२ पर्यंत हे बऱ्याच अंशी बरोबर होतं. त्या वर्षी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेली दुरुस्ती संमत झाली आणि २१ जूनपासून लागू झाली. आता गीतकार-संगीतकाराने काहीही लिहून दिलं तरी रॉयल्टीतला निम्मा वाटा त्याला सोडता येत नाही. सोडलाच तर वारसाला किंवा हक्कसंस्थेला. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं तेवढा अपवाद. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही हे संरक्षण आहे. गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. जुन्या करारांचं काय, रेडिओने पैसे द्यायचे की नाही, यावर पुढे कज्जे झाले. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ कंपन्यांविरुद्धच्या दाव्यांत अंतरिम आदेश देताना गीतकार-संगीतकारांची बाजू उचलून धरली.

या एका दुरुस्तीने मंडपातल्या पेनड्राइव्हचा अर्थ बदलून टाकला आहे. पूर्वी न दिलेला पैसा कंपनीचा होता. आता त्यातला निम्मा लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा आहे. आणि तो वाटण्यासाठी संस्थेला एकच गोष्ट लागते: कुठलं गाणं वाजलं याची नोंद. ‘ट्रॅक ०७’ची नोंद कुणाच्या खात्यावर जाणार? कोऱ्या रकान्यामुळे पूर्वी फक्त नाव जात होतं, आता नावाबरोबर पैसाही जातो. टपरीवाल्याची कणव करत सुरू झालेला विचार असा मंडळाच्या खर्चाच्या वहीपाशी येऊन थांबतो. मंडप, रोषणाई, जनरेटर, साउंड या सगळ्यांची बिलं भागवणाऱ्या मंडळाने गाण्याचेही पैसे दिले पाहिजेत. कंपनीच्या भीतीने किंवा पोलिसांच्या धाकाने देऊ नयेत. ज्याला स्टेज नाही त्याच्यापर्यंत पोचणारी वाट, कितीही अरुंद असली, तरी आज हीच आहे म्हणून द्यावेत.

कायद्यातल्या सवलती आहेत, त्या घ्याव्यात. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला परवाना लागत नाही. लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांनाही सूट आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने तशी जाहीर सूचना काढली. त्यावरून गोवा सरकारने काढलेलं परिपत्रक मात्र उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द ठरवलं, तरी कायद्यातली सूट कायम आहे. म्हणजे आरतीला कुणी हात लावत नाही आणि हळदीच्या मांडवालाही नाही. पण आरतीनंतरचा ऑर्केस्ट्रा, विसर्जनाचा डीजे, प्रायोजकांचे फलक लावून भरवलेला दिवाळी पहाटचा कार्यक्रम यांना विधी म्हणणं ओढूनताणून होईल. साउंडवाल्याने रोज वाजलेल्या गाण्यांची यादी गीतकार-संगीतकारांच्या नावांसकट ठेवावी, निवेदकाने ती नावं उच्चारावीत, हे तर पैशाविनाही जमतं. गीतकारांच्या बाजूनेही एक काम उरतं. हक्कसंस्थेचं सभासदत्व घेतलं नाही, गाणी नोंदवली नाहीत, तर संस्थेकडून वाटा मिळायची वाट बंदच राहते, आणि जिल्ह्यातल्या लोकगीतकारांच्या घरी हा अर्ज भरायला मदत करणारं माणूस सहसा नसतं. साहित्य-संगीताच्या इतक्या संस्था असलेल्या ठाणे-डोंबिवलीला हे अवघड जाऊ नये.

धवळ्याचा प्रश्न मात्र यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. आगरी लग्नात धवळारीण विधीची गाणी, म्हणजे धवळे, म्हणते. ती तिने लिहिलेली नाहीत, सासूकडून, आजीकडून आलेली आहेत. शेवटच्या ओळीत कुणाची मुद्रा नाही. तीच गाणी कुणी वाद्यमेळ घालून ध्वनिमुद्रित केली की त्या मुद्रणावर कंपनीचा हक्क तयार होतो. मग दुसऱ्या गावच्या बाईचा धवळा यूट्यूबवर चढवला तर चाल जुळते म्हणून यंत्राकडून हरकत येऊ शकते. ज्या गाण्याला मालक नव्हता, त्यावर मालकी सांगणारा पहिला माणूस त्यात सर्वांत उशिरा आलेला असतो. रचना सगळ्यांचीच, तिच्यावर हक्क सांगता येणार नाही. पण गाणारी म्हणून धवळारणीला कायद्याने कलाकाराचे हक्क आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच तिचं नाव-गाव लिहून घेणं आणि पैशांचा साधा लेखी करार तिच्या हातात देणं, हे कंपनीला करता येतं, आणि गावचं यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या पोरांनाही.